फायबराक काय होता?

ज्या वस्तूला पुढे काही करावं लागत नाही असं सांगून ती विकतात, तिचं पुढे काय होतं हे बघायला विकणारा कधीच थांबत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात अशी वस्तूच नव्हती. भांड्यांना कल्हई लागे, छपराला दरवर्षी शाकारणी लागे, जमिनीला शेण, विहिरीला उपसा आणि जावयाला अधिक महिन्यात अनारसे. मग स्टील आलं, पत्रा आला, लादी आली, नळ आला. जावयाच्या बाबतीत संशोधन अजून पुढे सरकलेलं नाही, पण बाकीची कटकट मिटली.

कोकण किनाऱ्यावर या सुखाचा कळस चढवला तो फायबरच्या होडीने. लाकडी होडी म्हणजे घरातलं बारमाही दुखणं. दरवर्षी ती वर ओढा, खरवडा, फटी बुजवा, माशाचं तेल पाजा आणि त्या तेलाच्या वासाने आलेले पाहुणे परत पाठवा. फायबरची होडी आली ती गुळगुळीत, हलकी, न फुगणारी आणि न किडणारी. समुद्रातल्या ज्या किडीने मोठमोठ्या लाकडी गलबतांचे तळ पोखरून काढले, ती या काचेच्या कवचापुढे उपाशी राहिली. तेव्हापासून ‘फायबराक काय होता?’ हे वाक्य मालवणच्या किनाऱ्यावर प्रश्न म्हणून कुणी विचारत नाही. ते उत्तर आहे. होडी धुतली का? फायबराक काय होता? पावसात उघडी का टाकली? फायबराक काय होता? होडी विकणाऱ्याने हे वाक्य एकदाच उच्चारलं. गिऱ्हाइकं ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ म्हणत आहेत.

गोम एवढीच, की फायबरच्या होडीत लाकूड असतं. दिसत नाही, इतकंच.

माझ्या मामांची होडी वीसेक फुटांची. पहाटे ती जाळी घेऊन जाते आणि मे महिन्यात पाहुणे घेऊन. तिची मागची बाजू म्हणजे एक सपाट उभी भिंत. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात, मामा ‘फाटली फळी’ म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे. बाकीची होडी म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि त्यात जिरवलेलं रेजिन. वाळलं की टणक कवच. पण मागच्या भिंतीवर मशीन टांगायचं असतं. नुसतं कवच ते ओझं झेलत नाही. म्हणून तिथे बाहेर एक पापुद्रा, आत एक पापुद्रा आणि दोहोंच्या मध्ये 1.5 इंच जाडीचा प्लायवूड दडवलेला असतो. मशीन पाण्याला मागे ढकलतं आणि होडीला पुढे, म्हणजे ते खरं तर या फळीला ढकलतं. होडी, जाळी, मामा आणि दादरहून आलेलं सहा माणसांचं कुटुंब, या साऱ्यांना पुढे नेणारा धक्का या फळीतून जातो. आणि नेमकी हीच गोष्ट कुणी बघत नाही, कारण ती आत आहे आणि बाहेरून फायबर आहे.

हे मशीन म्हणजे मुळात आइस्क्रीमची देणगी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ओकॉची नावाच्या तळ्यावर 1906 च्या उन्हाळ्यात ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून येऊन स्थायिक झालेला यंत्रकारागीर आपल्या प्रेयसीसाठी, बेससाठी, पैलतीरावरून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं दूध झालं, अशी कथा सांगतात. माणूस चिडला की भांडतो. हा चिडला आणि 1909 मध्ये त्याने 1.5 अश्वशक्तीचं टांगायचं मशीन बाजारात आणलं. त्याच्या नावाची मशिनं पुढे शंभरावर वर्षं निघत राहिली, ती 2020 मध्ये थांबली. मामांना ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “थर्माकोलाच्या पेटयेत घालून दिल्यान नाय त्येका?” तेव्हा थर्माकोल नव्हता, म्हणून मशीन आलं. मशीन आलं म्हणून फळी आली. आणि आता मामांच्या फळीवर त्या आइस्क्रीमपायी 40 अश्वशक्ती लटकत होती.

फळी गेल्याचं पहिलं लक्षण मशीनने दाखवलं. वेग वाढवला की ते मान मागे टाकायचं. वेग कमी केला की हळूच पुढे वाकायचं. पुण्याच्या एका पाहुण्यांनी हे हेरलं. पुण्याचे पाहुणे होडीत बसल्यावर समुद्राकडे बघत नाहीत, व्यवस्थेकडे बघतात. त्यांनी विचारलं, “हे असं हलणं अपेक्षित आहे का?” होडी तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ येत होती. मामांनी वेग कमी केला, मशीन पुढे वाकलं, आणि मामा म्हणाले, “किल्ल्याक नमस्कार करता.” पाहुण्यांनीही हात जोडले. हे उत्तर इतकं लागू पडलं की पुढचे काही दिवस मामा ते कुणी न विचारताच देऊ लागले आणि भाड्यात थोडी वाढही केली.

पण मग फळीच्या कोपऱ्यांत बारीक चिरा उमटल्या आणि बोल्टांच्या भोकांतून चहाच्या रंगाचं पाणी झिरपू लागलं. आता नमस्कार पुरेसा नव्हता. मशीन उतरवलं, होडी माडाखाली ओढली आणि वाडीला बातमी लागली.

बिघडलेल्या होडीभोवती माणसं जमण्याचा वेग माशाच्या लिलावालाही लाजवणारा असतो. लिलावात निदान पैसे लागतात. फळी कुजलीय की नाही हे ओळखायची पद्धत सोपी आहे: पेचकसाच्या मुठीने ठोकत जायचं. लाकूड निरोगी असेल तर खणखणीत ‘टक’ येतं. कुजलं असेल तर मेलेली ‘थप’. वरच्या बाजूला ‘टक’ होतं, खाली सगळीकडे ‘थप’. हे एका माणसाने एकदा ठोकून सिद्ध होण्यासारखं होतं, पण संध्याकाळपर्यंत वाडीतला प्रत्येक जण येऊन स्वतः ठोकून, कान लावून, मान हलवून गेला. पोस्टमन ठोकून गेला. शाळेतली पोरं ताल धरून ठोकून गेली. जी फळी सकाळी खालून अर्धी गेली होती, ती दिवेलागणीपर्यंत बहुधा पाऊण गेली असावी.

निदानावर एकमत झालं. कारणावर मात्र पाच जणांची सहा मतं पडली. मामांनी थेट समुद्राला धरलं. “खारां पाणी. दुसरां काय?” यावर निवृत्त मास्तर पुढे सरसावले. मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि ते वापरायची अशी संधी त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच मिळत होती. ते म्हणाले, “समुद्र निर्दोष आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते आणि ऊब लागते. खारं पाणी तिला सोसत नाही. ही होडी समुद्राने नाही कुजवली, पावसाने कुजवली.” आणि पुरावा म्हणून त्यांनी सांगितलं, की अमेरिकेतले जुने जहाजबांधे लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवत, पावसाचं पाणी आत उतरलं तर खारं होऊनच उतरावं म्हणून.

समुद्रात चालणारी होडी घरी, अंगणात, गोड्या पाण्याने मरते, हे ऐकून जमलेले सगळे क्षणभर गप्प झाले. मालवणात चार महिने धो धो पाऊस पडतो आणि तो सगळा माणसाच्या भल्यासाठी पडतो अशी तोवर समजूत होती.

मग तपास पुढे सरकला आणि अधिकच लाजिरवाणा झाला. होडीच्या मागच्या फळीत तळाशी एक भोक असतं, त्याला बूच. होडी वर काढली की बूच काढायचं आणि नाळ जरा उंच ठेवायची, म्हणजे आत पडलेला पाऊस मागून वाहून जातो. हे मामा दरवर्षी नेमाने करत. होडीची म्हणून जी एकमेव काळजी ते घेत, ती हीच. पण त्या भोकाच्या कडेला प्लायचं उघडं लाकूड होतं. बांधणाऱ्याने ते कधी रेजिनने बुजवलंच नव्हतं. म्हणजे दर पावसाळ्यात होडीत पडलेला थेंबन्‌ थेंब बाहेर जाताना त्या लाकडाला भिजवून जात होता. काळजी घेतल्यामुळे होडी कुजली, असा अर्थ मामांनी यातून ताबडतोब काढला आणि मामींकडे विजयी नजरेने पाहिलं.

त्यातच वरचं पांघरूण. पूर्वी पावसाळ्यात होडीवर झावळ्यांचं छप्पर घालत. ते गळायचं, पण त्यातून वारा खेळायचा. हल्ली मामा होडीवर निवडणुकीचा फ्लेक्स बांधतात. फ्लेक्स गळत नाही. आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. एका हसऱ्या नेत्याच्या छायेत, अभिवादन करणाऱ्या हाताखाली, दर वर्षी चार महिने बुरशीचा सर्वांगीण विकास होत होता.

उरलेली भोकं मोजायला घेतली आणि मामांच्या संसाराचा इतिहासच उलगडला. हे भोक पंधरा ऑगस्टच्या झेंड्याच्या काठीचं. हे पाहुण्यांना चढायला शिडी लावली त्याचं. शिडी वाहून गेली, भोकं राहिली. हे दिव्याचं. हे मासे दाखवणाऱ्या यंत्राचं. ते यंत्र फक्त पाण्याची खोली दाखवायचं, आणि ती मामांना आधीच माहीत होती. हे गळाची काठी खोचायचं, एका मुंबईच्या साहेबांच्या आग्रहाखातर. साहेब परत आले नाहीत. आणि ही दोन भोकं कशाची ते कुणालाच आठवेना. शेवटी मामेभावाने कबूल केलं, की नवीन ड्रिल मशीन आणलं तेव्हा ते चालतं का बघत होतो. प्रत्येक भोक कुणाच्या तरी सोयीसाठी पडलं होतं, आणि एकही कुणी बुजवलं नव्हतं. का बुजवायचं? फायबराक काय होता?

यावर वाडीतला सगळ्यात म्हातारा खलाशी, जो तासभर विडी ओढत नुसता बसून होता, पहिल्यांदा बोलला. “आमच्या टायमाक वर्साक एकदा तेल लायत होतो होडयेक. तेलान लाकूड वाचता काय नाय, देवाक म्हायत. पण तेल लावताना हात फिरता. हात फिरलो की कळता, खय मऊ झाला हा ता.” त्याने विडी विझवली. “ह्या फायबरार कोण हात फिरवता?”

माझ्या मते तपास इथेच संपायला हवा होता. लाकडी होडी टिकली ती लाकडामुळे नव्हे, तिच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता म्हणून. जिच्यावर भरवसा नाही तिच्याकडे माणूस वर्षातून एकदा तरी निरखून बघतो. पण म्हाताऱ्याचं बोलणं उपाय म्हणून कुणी धरलं नाही, कारण त्यात विकत आणण्यासारखं काही नव्हतं.

उपाय इतरांकडे होते. गॅरेजवाल्याचं म्हणणं, लाकडाला हातच लावू नका. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचे जाड पत्रे घालून आठ बोल्टांनी आवळून टाका. म्हणजे भोकांमुळे झालेल्या रोगावर आणखी आठ भोकं. मामेभाऊ मोबाइल घेऊन आला. त्यात मिनेसोटातला एक दाढीवाला आपल्या गॅरेजात शेगडी लावून तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या होडीची फळी बदलत होता. बाहेर तळं गोठलेलं. तिथे हिवाळाभर होडी पाण्यात घालता येत नाही, बायको बाहेर जाऊ देत नाही, म्हणून माणूस फळी बदलतो. आपल्याकडे पावसाळा तेवढाच लांब असतो, पण त्या काळात आपण भजी तळतो, हा संस्कृतींमधला मूलभूत फरक आहे.

अखेर मिस्त्रीला बोलावलं. फायबरची कामं करणारा हा माणूस फार बोलत नाही. त्याच्या तोंडावर बाराही महिने रुमाल असतो आणि कदाचित त्यामुळेच त्याला फार कुणी विचारत नाही. त्याने आतल्या बाजूने एक बारीक भोक पाडलं. ड्रिलच्या पात्यावर लाकडाचा कोरडा भुसा यायला हवा होता. काळपट, ओला, आंबूस वासाचा चिखल आला. त्याने पातं मामांच्या नाकाखाली धरलं. मामा म्हणाले, “माका सर्दी आसा.”

ठरलं. फळी आतून फोडायची. बाहेरून फोडली तर चकचकीत रंग जाईल आणि ‘महापुरुष प्रसाद’ हे नावही. आतलं कुणाला दिसत नाही. मिस्त्रीने ग्राइंडरने आतला पापुद्रा कापला. कडेने दोनेक इंचांची पट्टी सोडली, म्हणजे नवीन कापड जुन्यावर चढवायला जागा राहील. खिडकी उघडली आणि आतलं लाकूड समोर आलं. छिन्नी आणि हातोडी बाजूला ठेवून मिस्त्रीने मामींकडे कालथा मागितला. मामींनी तो दिला, आणि परत घेणार नाही असंही सांगितलं. कालथ्याने लाकूड निघालं. तळाशी तर हाताने निघालं. वरच्या कोरड्या भागात एक तुकडा शाबूत सापडला, त्यावर खिळ्यांची भोकं होती आणि सिमेंट चिकटलेलं होतं. म्हणजे होडीच्या पोटात शिरण्याआधी हा प्लाय सेंट्रिंगला जाऊन, कुणाच्या तरी बंगल्याचा स्लॅब ओतून, निवृत्त होऊन आला होता. होडी बांधणाऱ्याचा शोध घेऊ म्हणून मामा तडक उठले आणि ज्या दिशेला तो राहायचा त्या दिशेला बघून परत बसले. तो कधीचाच पाण्याच्या टाक्या विकायला लागला आहे. त्यांनाही म्हणे काहीच करावं लागत नाही.

मरीन प्लाय आणायला आम्ही बाजारात गेलो. भारतीय मानकांत याचा क्रमांक आयएस 710. जहाजासाठी असतो तो, नावातच समुद्र आहे. दुकानदाराने विचारलं, “किचन की बाथरूम?” मामा म्हणाले, “होडी.” दुकानदाराने वही मिटली आणि मालकाला बोलावलं. इतक्या वर्षांत मरीन प्लाय समुद्रासाठी मागणारं पहिलंच गिऱ्हाईक आलं होतं. आपल्याकडे हा प्लाय पुण्यात सिंकखाली राहतो, ठाण्यात वॉश बेसिनखाली. समुद्रकिनारी तो सुट्टीतसुद्धा येत नाही. उलट समुद्रात जाणाऱ्या होडीत सेंट्रिंगचा. मालकाने अभिमानाने सांगितलं, की हा प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटत नाहीत. मामांनी विचारलं, “आणि गार पाण्यात धा वर्सां?” मालक म्हणाला, त्याची टेस्ट नसते. बरोबरच आहे. उकळणं ही गोंदाची परीक्षा. बुरशीला गोंदाशी कर्तव्य नाही, आणि अरबी समुद्र अजून उकळत नाही.

प्लाय मिळतो तो 8 फूट बाय 4 फूट, अख्खा. फळीला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी. 19 मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की झाली 1.5 इंचाची जाडी. उरलेल्या तुकड्याकडे मामींचं लक्ष दुकानातून तो टेम्पोत चढतानाच गेलं होतं. ओट्याखाली फळ्या मारून द्या, हे त्या मामेभावाच्या मुंजीपासून सांगत होत्या. आता त्यांनी फक्त मिस्त्रीला चहा नेऊन दिला आणि आत येऊन जागा दाखवली. होडीच्या दुरुस्तीतलं पहिलं काम पुरं झालं ते असं स्वयंपाकघरात.

फळीचा आकार फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढला. मागची भिंत सरळ उभी नसते, बारा-तेरा अंश मागे कललेली असते, म्हणजे मशीन पाण्यात नीट कोनात बसतं. तिची उंचीही मशीनच्या दांड्याशी जुळावी लागते: आखूड दांड्याला 15 इंच, लांबाला 20. इंचभर चुकलं तर मशीन एकतर हवा ढवळतं किंवा होडीला मागे खेचतं. मिस्त्रीने हे सगळं न बोलता मोजलं. जमलेल्या प्रत्येकाने नंतर पुन्हा मोजलं आणि प्रत्येकाचं माप वेगळं आलं. मिस्त्रीने स्वतःचं ठेवलं. दोन तुकडे चिकटवून वर वजन ठेवायचं होतं, म्हणून अंगणातले चिरे आणले, ते पुरेनात म्हणून पाटा आणि वरवंटा आला. “वाटप कशार वाटू?” मामींनी आतून विचारलं. त्या दिवशी सगळ्यांनी नुसते तळलेले बांगडे खाल्ले आणि होडीसाठी एवढं सोसलं म्हणून मामांनी स्वतःचं कौतुक करून घेतलं.

मग रेजिनचा दिवस. हे फार नाजूक काम. रेजिन एकटं नुसतं पडून राहतं. त्याला आधी कोबाल्ट लागतं, मग हार्डनर. या दोघांची गोष्ट कोकणातल्या भाऊबंदांसारखी. रेजिनच्या मध्यस्थीने दोघं छान काम करतात. पण मध्यस्थाला वगळून समोरासमोर आणलं तर पेट घेतात. हे अलंकारिक नाही, खरंच भडका उडतो. म्हणून मिस्त्रीने कोबाल्टची बाटली होडीच्या या टोकाला ठेवली आणि हार्डनरची त्या टोकाला, आणि मधे मास्तरांना खुर्ची टाकून बसवलं. हार्डनर घालायचा तो शेकडा एक ते दोन. मेच्या उन्हात त्याहून जास्त हात सुटला तर रेजिन कापडावर जाण्याआधी मगातच धुमसायला लागतं. मिनेसोटावाला एपॉक्सी वापरत होता, ते लाकडाला अधिक घट्ट धरतं, असं मामेभावाने सांगून पाहिलं. त्याची किंमतही त्यानेच सांगितली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मदत म्हणून मामेभावाने चहाच्या थर्माकोलच्या पेल्यात रेजिन ओतून घेतलं. रेजिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, हे मास्तर त्याला सांगणार होते, पण तोवर पेल्याचा तळ नाहीसा झाला होता आणि रेजिन मामांच्या चपलेत होतं. ती चप्पल आता झिजणार नाही. मामा तीही दाखवून सांगतात: काय करूचा लागणा नाय.

नवी फळी बाहेरच्या पापुद्र्याला रेजिनच्या लगद्याने चिकटवली, शिकंजे आवळले. कोपऱ्यांत लगद्याने गोलाई दिली, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही. मग मॅट आणि विणलेलं कापड, मॅट आणि विणलेलं कापड, प्रत्येक थर आधीच्याहून थोडा रुंद. मधली हवा रोलरने दाबून काढायची. घासकामाच्या दिवशी काचेची भुकटी सगळ्या वाडीच्या अंगाला लागली आणि सगळी वाडी खाजवू लागली. जे त्या दिवशी सल्ला द्यायला आले नव्हते ते कोण, हे दुसऱ्या दिवशी बाजारात नुसतं बघून ओळखता येत होतं.

शेवटी भोकं. मशीनचे बोल्ट तर लागणारच. मिस्त्रीची रीत अशी: अर्ध्या इंचाचं भोक हवं असेल तर आधी पाऊण इंचाचं पाडायचं, ते घट्ट लगद्याने गच्च भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध अर्ध्या इंचाचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, आणि पाणी शिरलंच तर त्यालाही लाकूड सापडत नाही. बुचाच्या भोकालाही तेच. “एका भोकाक दोनदा मजुरी?” मामांनी विचारलं. मिस्त्रीने या कामात पहिल्यांदाच तोंडावरचा रुमाल खाली केला आणि म्हणाला, “नको तर नको. धा वर्सांनी परत बोलवा. तेव्हा मजुरी वाढलेली असतली.” मामांनी दोनदा दिली.

मिरग तोंडावर आला होता. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंदच होती; होडी आता नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावरच राहायची. पण नव्या फळीला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम पुरं होत नाही. संध्याकाळी सगळे जमले. मामांनी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

“बा देवा महापुरुषा! आज तुझ्या ह्या लेकराच्या होडयेची फाटली फळी नवी झाली हा, ती तू मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“वारा-वादळ, दर्यो-लाट ह्यां सगळां तू बघतंसच. त्येच्यात आमी तुका शिकवचा नाय. पण पावसाचां पाणी खयच्या बुचातसून लाकडाक लागला, तर आमका येळेर सपनात येवन सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दर वर्साक ह्या फळयेर हात फिरवची आठवण माका ऱ्हवांदे. माका ऱ्हवली नाय तर माझ्या बायलेक ऱ्हवांदे रे म्हाराजा!”

यावर मामींचा ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठा निघाला, आणि त्यात होडीपलीकडचेही बरेच विषय होते.

“आणि ह्या फळयेक कोणी हौसेन, कोणी सोयीन, कोणी फुकट गावला म्हणान भोक पाडूक इलो, तर त्येच्या ड्रिलाची लाइट घालव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. खोबरं वाटेपर्यंत मामेभाऊ नव्या कोऱ्या फळीभोवती एक फेरी मारून आला. “बाबा,” तो म्हणाला, “हयसर कोपऱ्यात मोबाइलाचो स्टँड मस्त बसतलो. दोनच स्क्रू.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने घरातून वायर ओढून ड्रिल लावलंही.

ड्रिल फिरलं नाही. मामेभावाने बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली. मग लक्षात आलं, की घरातला दिवाही गेला आहे. शेजारचाही. समोरच्या देवळाचाही. पावसाळ्यापूर्वीची कोकणातली ही नेहमीची गोष्ट. पण त्या संध्याकाळी तसं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अख्खी वाडी अंधारात बसून खोबरं चावत होती आणि डास मारत होती. लाइट आली ती तिसऱ्या दिवशी दुपारी.

वाडीचं म्हणणं आता असं, की फळी उत्तम झाली, देवही जागृत आहे, पण पुढच्या खेपेला गाऱ्हाण्याचा मसुदा आधी मास्तरांना दाखवावा.